उम्म सालेमचं माळरान

शारजातल्या एका लँडस्केपिंग कंपनीत मी चौदा वर्षं नोकरी केली. कार्डावर ‘नर्सरी सुपरवायझर’ असं छापलेलं होतं. बंगल्यांच्या आवारात, हॉटेलांच्या दारात, रस्त्यांच्या गोल चौकांत हिरवळ अंथरायची, कडेनं पेटुनिया लावायचा आणि पन्नास डिग्रीच्या उन्हाळ्यात दोन्ही जिवंत ठेवायचं, हे माझं काम. कोल्हापूरला वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. केलेल्या बाईला ते शिकायला दोन महिने लागले आणि कंटाळा यायला दोन वर्षं. पण पगार वेळेवर व्हायचा. अल मजाजमध्ये तळ्यासमोर आमचा फ्लॅट होता, नवरा प्रकाश एसीच्या कंपनीत इंजिनिअर, मुलगी रेवा पाचवीत. तक्रारीला जागा नव्हती. नव्वदचं दशक संपत आलं असताना एका गिऱ्हाईक बाईंनी मला बोलावलं आणि हिरवळ उपटायला सांगितलं. पुढची दोन वर्षं मी जितकी हसले, धावले आणि घाबरले, तितकी त्याआधी किंवा त्यानंतर कधीच नाही.

त्यांचं नाव उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई. नाव काही असलं तरी थोरल्या मुलाच्या नावानं बाईला हाक मारायची, अशी तिकडे रीत आहे. वय साठीच्या पुढे, अंगावर काळा अबाया, चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा सोनेरी झाक असलेला बुरखा. त्यातून फक्त डोळे दिसायचे, त्यामुळे त्या हसतायत की रागावल्यात हे डोळ्यांवरूनच ओळखावं लागे. लहानपणी आजारपणात त्या चार महिने मुंबईच्या इस्पितळात होत्या. तिथे शिकलेलं हिंदी त्यांनी पन्नास वर्षं सांभाळून ठेवलं होतं.

त्यांची जमीन धैद गावाच्या पलीकडे, डोंगराच्या अलीकडे. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. ही जमीन तशी नव्हती. सपाट, खडीची, आपल्याकडच्या माळासारखी. मध्ये एक विहीर, तिच्याजवळ कुणा कंत्राटदारानं लावलेली तीन गुंठे हिरवळ, एका बाजूला शेळ्यांचा गोठा आणि बाकी सगळीकडे वेडी बाभूळ. तीच ती, आपल्याकडे गावोगाव माजलेली. तिकडेही कुणीतरी हौसेनं आणली आणि ती गेलीच नाही.

“घास निकालो,” उम्म सालेम म्हणाल्या. “ये काँटा भी निकालो. सब निकालो.”

“फिर क्या लगाना है?”

“जो इधर था.”

त्यांनी मला विहिरीवरच्या पंपाच्या खोलीमागे नेलं. खोलीभोवती लोखंडी जाळी होती आणि जाळीच्या आत गुडघ्याएवढं एक काटकुळं झुडूप होतं. राखाडी काड्या, तांदळाएवढी पानं. कुणीही कचरा म्हणून उपटलं असतं. मी खाली बसून पान चुरगाळलं, वास घेतला आणि ओळखलं. अर्फज. पुस्तकातल्या चित्रापलीकडे मी तो पाहिला नव्हता.

“मैं छोटी थी तब पूरा मैदान पीला होता था,” त्या म्हणाल्या. “ऊँट इसमें बैठता तो सिर्फ गरदन दिखती. अब ये एक है.”

बाकीचा अर्फज कुठे गेला ते मला कळलं होतं. पण पहिल्याच भेटीत गिऱ्हाइकाला ते सांगायचं की नाही, याचा मी बराच विचार केला. माझ्यासोबत आलेले इस्माईलभाई, आमचे फोरमन, दापोलीकडचे, त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं की नको. मी सांगितलं.

“उम्म सालेम, गुस्सा मत होना. आपकी बकरियों ने खाया है.”

त्या वळल्या. मग गोठ्यात गेल्या आणि एक पांढरी शेळी कानाला धरून घेऊन आल्या. तिचं नाव राणी, हेही मुंबईचंच. तिची हनुवटी उचलून त्यांनी तिला अरबीत काहीतरी लांबलचक विचारलं. राणी रवंथ करत राहिली.

“बोलती है, हाँ,” उम्म सालेमनी मला सांगितलं. “खाया.”

ऑफिसात आमचे मॅनेजर खुर्चीत मागे रेलून हसले. “मॅडम, लोक आपल्याला वाळवंट झाकायला पैसे देतात. ही बाई वाळवंट लावायला देतेय?” देतेय, मी म्हटलं, आणि त्यांनी सही केली.

खरी अडचण सालेमची होती. तो बँकेत मोठ्या जागेवर, इंग्लंडात शिकलेला, अगदी सभ्य माणूस. त्या जमिनीवर त्याला शुक्रवारी मित्रांना घेऊन यायला एक घर, हिरवळ आणि फुटबॉलचं छोटं मैदान हवं होतं. आईशी त्याचा सौदा माझ्यासमोरच झाला. दोन थंड्या आईच्या. दोन हिवाळ्यांत आई म्हणते तसलं काही उगवलं तर ठीक, नाहीतर जमीन सालेमची. उम्म सालेमनी हात पुढे केला, त्यानं त्या हातावर ओठ टेकले आणि झालं. ना कागद, ना वकील. मला म्हणाला, “नो ऑफेन्स, मॅडम, पण इथे काही येणार नाही.”

हिरवळ आम्ही सतरंजीसारखी गुंडाळून काढली. ते करताना मला झालेला आनंद जरा अशोभनीय होता. इस्माईलभाई शेवटी म्हणाले, “मॅडम, जरा सावकाश. तिनं तुमचं काय वाईट केलंय?” वेड्या बाभळीनं मात्र आमचं रक्त काढलं. खोड तोडून उपयोग नसतो, वीतभर खाली खणून तिची मुळाची गाठ काढावी लागते, नाहीतर पंधरा दिवसांत ती पुन्हा हजर. सहा माणसं दीड महिना खणत होती. शेळ्यांचा गोठा जमिनीच्या टोकाला हलवला, बाकीच्या भागाला चहूबाजूंनी जाळीचं कुंपण घातलं आणि आत उरला एक अर्फज.

आता बी. जिथली जमीन, तिथलंच बी हवं, हा या कामाचा पहिला नियम. दूर देशाहून मागवलेलं त्याच जातीचं बी तिथल्या उन्हाळ्यात टिकत नाही. म्हणजे आपण फिरायचं आणि गोळा करायचं. शुक्रवार सुट्टीचा, त्यामुळे आमची सहल ठरलेली. मी, प्रकाश, रेवा आणि इस्माईलभाई, चौघं उशांचे अभ्रे हातात घेऊन माळावर वाकलेलो. एकदा पोलिसांची गाडी थांबली. तरुण पोलीस उतरला, आमच्याकडे बघत राहिला आणि काही न विचारता तोही खाली वाकून शोधायला लागला. पाच-सात मिनिटांनी त्यानं हळूच विचारलं, “सोना गिरा?”

इस्माईलभाईंनी अरबीत समजावलं की सोनं नाही, गवताचं बी.

“किसका घास?”

“इधर का.”

“इधर का घास उठाके किधर लगाएगा?”

“इधर.”

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. मग गाडीत बसवून आम्हाला दोन किलोमीटर आत नेलं आणि थुमाम नावाच्या गवताचा एवढा मोठा पट्टा दाखवला की आमचे चारही अभ्रे भरले. जाताना ओढ्याच्या काठाला उगवलेला लालसर पाला तोडून त्यानं रेवाच्या हातावर ठेवला. रेवानं तो चावला आणि तोंड वेडंवाकडं केलं. मी चावला आणि ओरडायचीच बाकी होते. तो आपला आंबट चुका होता. कोल्हापूरच्या मंडईतला. त्या रात्री घरी शेंगदाणे घालून चुक्याची भाजी झाली आणि प्रकाशनं तीन भाकऱ्या खाल्ल्या.

गाफचं बी मिळवणं त्याहून विचित्र. गाफ म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पुजतो ती. तिच्या बीचं कवच इतकं टणक की नुसतं पेरलं तर वर्षभर तसंच पडून राहतं. शेळीनं शेंग खाल्ली की तिच्या पोटात ते कवच मऊ होतं आणि लेंडीतून बाहेर पडलेलं बी चटकन उगवतं. तेव्हा ज्या राणीनं आमचा अर्फज खाल्ला, तिच्याच लेंड्या मी गोण्या भरून अल मजाजला आणल्या आणि बाल्कनीत पसरून निवडायला बसले. नर्सरीत मॅनेजर ते करू देईनात. लिफ्टमध्ये शेजारीण नाकाला रुमाल लावून म्हणाली, “काय हो, उंदीर मेलाय का कुठे?” मी म्हटलं, असेल. रेवा शाळेतून आली ती दप्तर लांब धरून. “मॉम, देअर इज गोट पूप इन माय कंपास बॉक्स. धिस इज नॉट नॉर्मल.” प्रकाशनं तिला बाजूला घेऊन समजावलं की आई ऑफिसचं काम करतेय.

पण खरा जीव अडकला होता तो अर्फजमध्ये. त्या एकुलत्या झुडपाची वाळलेली फुलं आम्ही एकेक करून जमवली होती, ती सगळी मिळून बिस्किटाचा एक डबा. पहिल्या खेपेला मी दोनशे फुलं ट्रेमध्ये पेरली. महिन्यात सहा रोपं आली. सहा. मी पुस्तकं काढली, जुन्या सरांना पत्र लिहिलं, आणि हळूहळू लक्षात आलं ते असं. अर्फजचं वाळकं फूल म्हणजे बीचं बंद पाकीट. त्या पाकिटातच एक द्रव्य असतं, ते बीला उगवू देत नाही. एखाद्या चुकार सरीनं ते जात नाही. चांगला दणदणीत पाऊस झाला, पाकीट आरपार धुऊन निघालं, तरच बी जागं होतं. लहानशा सरीला भुलून उगवलेलं रोप वाळवंटात आठवड्यात मरतं, म्हणून ही तजवीज.

तेव्हा फुलांना दणदणीत पाऊस दाखवायचा. बादलीत भिजवून, पाणी बदलून बघितलं, फरक थोडा पडला. मग माझी नजर वॉशिंग मशिनकडे गेली. प्रकाशच्या पायमोज्यात फुलं भरली, तोंड शिवलं आणि कपडे खंगाळायच्या फेऱ्यावर मशिन लावलं. एक, दोन, तीन फेरे. चौथ्या फेऱ्यात मोजा फाटला.

डब्यातली निम्मी फुलं त्या मोज्यात होती. मी मशिनसमोर फरशीवर बसले आणि मला रडूच फुटलं. प्रकाश आला, काय झालं ते त्यानं ऐकून घेतलं, टाय काढला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मशिन उघडायला बसला. रात्री जेवणं झालीच नाहीत. ड्रममधून, पंपातून, गाळणीतून, सांडपाण्याच्या नळीतून आम्ही चहाच्या गाळण्यानं बी वेचत होतो आणि रेवा वर्तमानपत्रावर वाळत घालत होती. ती पेरली आणि नवव्या दिवशी ट्रे हिरवे झाले. चारशेच्या वर. मी त्या ट्रेंसमोर स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले. गंमत म्हणजे मशिनच्या दाराच्या रबरातही अकरा रोपं उगवली, आणि ती चिमट्यानं काढून होईपर्यंत चार दिवस आम्ही कपडे हातानं धुतले.

त्या हिवाळ्यात आणि पुढे थोडी थोडी करत आम्ही सहाशे अर्फज, दीडशे गाफ आणि मोजता न येणारं गवत जमिनीत लावलं. पाणी द्यायची पद्धत साधी: रोपाशेजारी दोन फूट खोल पाईप ठोकायचा आणि पंधरा दिवसांतून एकदा त्या पाईपमध्येच पाणी ओतायचं. वर पाणी दिलं की मूळ लाडावतं, वरच बसून राहतं. खाली दिलं की पाण्याच्या मागे खाली जातं. वरून मात्र काही दिसत नाही. सालेम महिन्यातून एकदा येई, जाळीला हात लावून उभा राही आणि खडीत रोवलेल्या त्या काड्यांकडे बघून विनयानं मान हलवी. पहिल्या हिवाळ्यात पाऊस झाला नाही. उन्हाळ्यात काड्या करड्या झाल्या. दुसरा हिवाळा लागला, त्यातही जानेवारी उजाडेपर्यंत आभाळ कोरडंच.

आणि मग मी फाटक उघडं ठेवलं.

त्या दिवशी रेवाच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. मला चारला शारजात पोचायचं होतं आणि मी जमिनीवरून निघाले तेव्हाच साडेतीन झाले होते. इस्माईलभाई त्या दिवशी दुसऱ्या साईटवर. कडी लावली, असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. लावली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तर राणी आणि तिच्या चाळीस मैत्रिणी आत होत्या, आणि अर्ध्याहून जास्त अर्फज बोटभर खुंटांवर आला होता.

उम्म सालेम खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. इस्माईलभाई माझ्यामागून पुढे आले आणि म्हणाले, “अम्मा, फाटक मेरे से खुला रह गया.” मी त्यांना बाजूला केलं.

“नहीं, मुझ से. मैं जल्दी में थी.”

त्यांनी खाली वाकून एका खुंटावर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “मेरी बकरी खराब चीज नहीं खाती. ये खाया, मतलब असली अर्फज है. मुझे शक था.”

मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं तर त्या हसत होत्या. अगदी खांदे हलेपर्यंत. मग इस्माईलभाई हसायला लागले, आणि शेवटी मीही, डोळे पुसत. पण ती चूक अजून मला सलते. नर्सरीत कामाला लागलेल्या प्रत्येक मुलीला मी आधी कडी लावायला शिकवलं, मग कलम बांधायला.

फेब्रुवारीत पाऊस आला. शारजात पाऊस म्हणजे गटारं नसलेल्या शहरात पाऊस. तासाभरात अल मजाजच्या रस्त्यांवर गाड्या तरंगायला लागल्या, ऑफिसं सुटली. दुपारी घरचा फोन वाजला.

“आओ,” उम्म सालेम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

इस्माईलभाईंच्या पिकअपमधून आम्ही निघालो. जिथे नेहमी तास लागायचा तिथे साडेतीन तास लागले. दोन ठिकाणी मी स्वतः उतरून गाडी ढकलली. पोचलो तेव्हा जमिनीवर घोट्याएवढं पाणी संथ वाहत होतं आणि साठीच्या पुढच्या उम्म सालेम अबाया वर खोचून, चपला हातात घेऊन त्या पाण्यातून चालत होत्या. मीही चपला काढल्या. आम्ही नुसत्या इकडून तिकडे चालत राहिलो, मध्येच एकमेकींच्या हाताला धरून. इस्माईलभाई कुंपणाशी उभे राहून अल्लाचे आभार मानत होते आणि मध्येच मराठीत “पुरे, पुरे आता, वाहून जाईल सगळं” असंही म्हणत होते.

दहा दिवसांनी खुंटांना फुटवे आले. वर्षभर पाईपमागे खाली गेलेली मुळं शाबूत होती, शेळ्यांना ती कुठून मिळणार? त्यानंतर जे झालं त्याला मी तयार नव्हते. आम्ही न लावलेली झाडं उगवायला लागली. खडीमध्ये किती वर्षं झोपून राहिलेलं बी कोण जाणे, पण वेडी बाभूळ गेल्यावर त्याला जागा मिळाली, पावसानं उठवलं. जांभळी, पांढरी, नखाएवढी फुलं. मी वही घेऊन गुडघ्यांवर रांगत होते. चव्वेचाळीस जाती मोजल्या, त्यातल्या सात मला आजही ओळखता आलेल्या नाहीत. उम्म सालेम माझ्यामागे चालत त्यांची अरबी नावं सांगत होत्या, आणि एकदा एका रोपासमोर थांबून म्हणाल्या, “इसका नाम भूल गई. इसको देखा नहीं न इतने साल.” मग संध्याकाळी, मी गाडीत बसत असताना, खिडकीवर टकटक करून त्यांनी ते नाव सांगितलं.

एप्रिलमध्ये अर्फज फुलला. अजून खुजा होता, उंट लपण्याइतका नव्हता, पण माळ पिवळा होता. ठरल्याप्रमाणे त्याच महिन्यात सालेम आला, सोबत घर बांधणारा कंत्राटदार आणि मोजणीची टेप. मी उम्म सालेमकडे बघितलं. त्यांनी सौद्याप्रमाणे फाटक उघडून धरलं. सालेम आत गेला. पांढरा पायघोळ कंदुरा, चकचकीत बूट. कंत्राटदार विचारत होता, “सर, टेप कुठून धरू?” सालेम पाऊल टाकायला जागा शोधत होता. थोड्या वेळानं त्यानं बूट काढले. तासाभरानं परतला तेव्हा त्याचा कंदुरा गुडघ्यापर्यंत पिवळा झाला होता. कंत्राटदाराला म्हणाला, “यल्ला, तुम जाओ. फोन करूँगा.” मग माझ्याकडे वळून, जरा अवघडून, इंग्रजीत विचारलं की शुक्रवारी त्याला करता येईल असं काही काम आहे का. होतं. मी त्याला एक उशीचा अभ्रा दिला.

त्याचं घर पुढे झालं, छोटंसं, कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला. फुटबॉल मित्रांनी दुसरीकडे हलवला.

भारतात परतायच्या आधी दोन वर्षं, एका डिसेंबरच्या सकाळी उम्म सालेमनी मला कुंपणाच्या बाहेर नेलं. शेळ्यांच्या वाटेवर, दगडाच्या आडोशाला, बोटाएवढा अर्फज उगवला होता. वाऱ्यानं फूल घरंगळत तिथे नेलं असणार. तो आमच्यापैकी कुणीच लावला नव्हता. त्याला मशिन नको होतं, पाईप नको होता, मी नको होते. आम्ही दोघी त्याच्याभोवती उकिडव्या बसलो. इस्माईलभाई म्हणाले, “खणून आत लावू का? इथे राणी दुपारपर्यंतसुद्धा ठेवणार नाही.”

उम्म सालेमनी मान हलवली. “उसको मत हिलाओ.”

त्यांनी सालेमला फोन लावला आणि तासाभरात तो आला. त्यानं रोप बघितलं, आईकडे बघितलं, मग इस्माईलभाईंना विचारलं की किती खांब लागतील. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कुंपण चाळीस फूट पुढे सरकलं. मी शारजा सोडलं तोवर ते आणखी तीनदा सरकलं होतं.